बर्लिनचं गावकूस

दोस्तांनो, बर्लिनला जाऊन आलो म्हटल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो, भिंत पाहिली का. पाहिली. तिचे तुकडे दुकानात विकायला असतात, खरे की खोटे ते विकणाऱ्यालाच ठाऊक. त्या भिंतीवर पुष्कळांनी पुष्कळ लिहिलंय. मला लिहायचंय ते बर्लिनच्या गावकुसावर. ते कुणी विकत नाही.

मी शिकतो बॉनला. १९२१ साली बाबासाहेबांनी याच विद्यापीठात नाव नोंदवलं होतं. अर्ज भरताना मला तेवढं कारण पुरलं. माझा प्रबंध पारधी मुलांच्या शाळेवर आहे, ते पुढं येईलच. बॉनहून बर्लिन म्हंजे रात्रीच्या स्वस्त बसनं नऊएक तास. शुक्रवारी रात्री बसायचं, रविवारी रात्री परत फिरायचं. मध्ये मुक्कामाचं भाडं एकाच रात्रीचं. आम्ही चौघं होतो, चौघंही भारतातले, त्यातला एक माझ्यासारखा मराठी.

त्यानं बसमध्येच विचारलं, "तू मूळचा कुठला?"

गाव सांगितलं.

"तसं नाही रे. मूळचा?"

माझं आडनाव गावावरून पडलेलं. त्याला काही ठाव लागंना. मी म्हटलं, "जयभीम म्हणून बघ, लगेच कळंल." तो हसला आणि त्यानं मोबाईलमध्ये तोंड घातलं. नंतरचे दोन दिवस त्यानं मला नावानं हाक मारली नाही, 'अरे'वर भागवलं. माणूस सातासमुद्रापार जातो तेव्हा तेवीस किलोच्या बॅगेत काय काय कोंबतो, ते विमानतळावरच्या यंत्राला दिसत नाही.

शनिवारी सकाळी अलेक्झांडरप्लाट्झला उतरलो. टीव्हीचा उंच टॉवर, ट्रामांचा खडखडाट, कचऱ्याच्या डब्यात हात घालून बाटल्या शोधणारी म्हातारी माणसं. प्लॅस्टिकची रिकामी बाटली दुकानात परत केली की पंचवीस सेंट मिळतात. श्रीमंत देशाच्या राजधानीत म्हातारपण असंही निघतं. तिथंच घोळदार झग्यातली एक बाई हातात कागद धरून पैसे मागत होती. सोबत पोरगं. आमचा गडी कुजबुजला, "पाकीट सांभाळ, जिप्सी आहेत." आणि अर्ध्या मिनिटात बाकीच्या दोघांना सांगू लागला, "ही मूळची आपलीच माणसं बरं का! हजारेक वर्षांपूर्वी भारतातून निघालेली. अजून पाण्याला पानीच म्हणतात."

आपलीच माणसं! अभिमान आपलेपणाचा आणि हात खिशावर. हा हात माझ्या ओळखीचा आहे. आमच्याकडं बाजारात पारध्याची बाई दुकानापुढं उभी राहिली की दुकानदाराचा हात असाच गल्ल्यावर जातो. मी त्याला म्हटलं, "पुष्कळ भाषातज्ज्ञ 'रोम' हा शब्द आपल्या 'डोम'शी जोडतात. मसणवट्यात प्रेतं जाळणारे डोम." त्यावर तो काही बोलला नाही. हजार वर्षांपूर्वी देश सोडून गेले ते कोण होते, एवढं विचारलं की अभिमानाची हवा जाते.

तिथून चालत उंटर डेन लिंडेन या जुन्या राजरस्त्यानं निघालो. डाव्या हाताला एक चौक आहे. १० मे १९३३ ला तिथं पुस्तकांची होळी झाली. आता जमिनीत काच बसवलीय आणि काचेखाली रिकामी शेल्फं. माणसं वाकून बघतात. आम्हीही वाकलो. पण माझं लक्ष पाठीमागं होतं, रस्त्यापलीकडच्या विद्यापीठाकडं. आज त्याला हुम्बोल्ट विद्यापीठ म्हणतात. पुस्तकं जाळली त्याला दहा वर्षं झाली तेव्हा, १९४३ साली, या विद्यापीठानं एव्हा युस्टिन नावाच्या बाईला डॉक्टरेट दिली.

ही बाई आधी नर्स होती. मग रोबर्ट रिटर नावाच्या डॉक्टरच्या हाताखाली 'वंशशास्त्रा'च्या कामाला लागली. सिंती आणि रोमा लोकांची डोकी मोजायची, वंशावळी लिहायच्या, फायली करायच्या. तिला रोमानी भाषा येत होती. लोक तिला 'लोलिचाय' म्हणत, लाल केसांची पोरगी. विश्वासानं बोलत. प्रबंधासाठी तिनं मुलफिंगेन या गावच्या अनाथालयातली सिंती मुलं घेतली. त्यांचे आईबाप छळछावण्यांत टाकलेले. तिनं निष्कर्ष काढला, की या मुलांना कितीही चांगलं वाढवा, ती सुधारत नाहीत, म्हणून त्यांची नसबंदी करावी. प्रबंधाचं काम पुरं होईपर्यंत मुलांना तिथंच ठेवलं होतं. मे १९४४ मध्ये त्यातल्या ३९ मुलांना आउशवित्झला धाडलं. वाचली चार. युद्धानंतर बाईंना फ्रांकफुर्टच्या नगरपालिकेत नोकरी मिळाली, मुलांच्या मानसशास्त्राची. शिक्षा काहीच नाही.

'शिका' हा आपला पहिला शब्द. मी त्याच शब्दावर इथवर आलोय. त्या दगडी इमारतीपुढं उभा राहून मी हिशेब करत होतो. मीही लोकांची भाषा बोलतो, मीही वह्या भरतो, माझ्याकडंही पोरं विश्वासानं बोलतात. बाकीचे तिघं फोटो काढत होते.

पुढं ब्रांडेनबुर्ग गेट. जवळच ज्यू लोकांच्या स्मरणार्थ २००५ साली उभे केलेले २७११ सिमेंटचे ठोकळे. आणि तिथून पाच-दहा मिनिटांवर, संसदेच्या बाजूला, झाडीत लपल्यासारखं सिंती-रोमांचं स्मारक. ते २०१२ सालचं. गोल तळं, तळ काळा, मधोमध तिकोनी दगड. छावणीत कैद्यांच्या कपड्यावर शिवायचे त्या तिकोनाची खूण. त्या दगडावर रोज ताजं फूल ठेवतात. बाकी काही नाही, पानी.

एवढा उशीर का लागला? १९५६ साली पश्चिम जर्मनीच्या वरिष्ठ न्यायालयानं निकाल दिला होता, की १९४३ च्या आधी यांचा छळ झाला तो वंशामुळं नव्हे, यांच्या गुन्हेगार वृत्तीमुळं. म्हणून भरपाई नाही. आपल्याकडं १८७१ चा कायदा होता, जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा. तो १९५२ साली रद्द झाला. म्हंजे आपण ज्या शब्दातून कागदावर तरी सुटलो होतो, तोच शब्द चार वर्षांनी इथले न्यायाधीश वापरत होते. हा वंशसंहार होता हे सरकारनं कबूल केलं १९८२ साली.

रविवारी मी एकटाच मार्त्सानला गेलो. बाकीच्यांना तिथं काय बघायचंय ते कळेना. लोकल गाडीनं शहराच्या पूर्व टोकाला, उंच सिमेंटच्या चाळींत. १९३६ साली ऑलिम्पिक होतं. पाहुण्यांना शहर स्वच्छ दिसायला पाहिजे. म्हणून १६ जुलैच्या पहाटे पोलिसांनी सिंती-रोमा कुटुंबं उचलली, सहाशेच्या आसपास माणसं. त्यात भाड्याच्या घरात राहणारेही होते. आणून टाकली इथं, शहराच्या मैल्याचं पाणी सोडायच्या शेताजवळ, कबरस्तानाला लागून. सहाशे माणसांना पाण्याचे तीन पंप, संडास दोन.

मसणवटा आणि गटार यांच्यामध्ये वस्ती. दोस्तांनो, हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. जर्मन नीट येत नसतानाही तिथला फलक मला वाचता आला. १९४३ पासून इथल्या बहुतेकांना आउशवित्झला नेलं. रिटरची माणसं इथंही टेप घेऊन आली होती.

त्या फायलींचं पुढं काय झालं, तेही सांगतो. युद्ध संपलं तरी त्या अभ्यासकांच्या हाती फिरत राहिल्या, शेवटी ट्यूबिंगेन विद्यापीठात गेल्या. १ सप्टेंबर १९८१ ला सिंती कार्यकर्ते तिथल्या अभिलेखागारात घुसून ठाण मांडून बसले. त्यांच्यात छावणीतून जगलेली माणसंही होती. आमच्या आईबापाच्या नोंदी आहेत, इथून हलवा म्हणाले. त्याच दिवशी त्या सरकारी अभिलेखागाराकडं कोब्लेंझला न्याव्या लागल्या. कोब्लेंझ बॉनच्या शेजारीच. रोज माझ्या खिडकीखालून तिकडं गाड्या जातात.

परत आल्यावर माझी प्रश्नावली काढली. चाळीस प्रश्न, सरांनी पसंत केलेले. बीडकडच्या त्या वस्तीत मावशीला फोन लावला, पोरांना विचारायच्या आधी तुम्हीच ऐका म्हटलं. तिनं सगळे ऐकले. सात काढायला लावले. "बापावर केस हाये का, हे लेकराला काय इचारतो? ते पोलिसाला ठावं हाये," म्हणाली. मग तिनंच मला एक विचारला.

"लिहिलेला कागद हितं शाळंत ऱ्हाईल का तिकडंच?"

सरांना पत्र लिहिलंय. मूळ वह्या शाळेत राहतील, विद्यापीठाला प्रत. अजून उत्तर नाही.