न वाजणारा टाळ



माउलींच्या पालखी सोहळ्यात संध्याकाळी तळावर समाज आरती होते. चोपदार चोप उंच करतात आणि हजारो टाळ एकदम थांबतात. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती टाळ वाजवतच राहते. चोपदार तिच्यापाशी जातात, गाऱ्हाणे ऐकतात, मार्ग काढतात, आणि मग आरती होते. ही रीत मी कीर्तनातून कितीदा तरी सांगितली. पण तिने मला स्वतःला काही शिकवावे, हा योग वयाच्या ७४व्या वर्षी सासवडच्या मुक्कामी आला.

कीर्तनाची उभी सेवा आता माझ्याकडून होत नाही. दम पुरत नाही. तरी पायी वारी सोडली नव्हती. अंगात १५ वर्षांचा मधुमेह. त्या वर्षी पुण्याहून निघून दिवे घाट चढून सासवडला पोचलो, पायमोजे काढले, तर दिंडीतल्या एका मुलाला माझ्या उजव्या तळव्याला रक्त दिसले. "दुखत नाही रे, काही झालेले नाही," मी म्हणालो. त्याने ऐकले नाही. हाताला धरून जवळच्या शाळेत भरलेल्या मोफत दवाखान्यात घेऊन गेला.

दवाखाना चालवणारी बहुतेक मुले शिकणारी होती. दारात पहिल्या वर्षाचा एक मुलगा केसपेपर लिहीत होता. नाव, गाव, वय, जुने आजार, चालू गोळ्या. पुढच्या बाकावर रक्तदाब आणि साखर तपासत होते. नर्सिंगच्या मुली जखमा धुऊन पट्ट्या बांधत होत्या. फार्मसीचा विद्यार्थी गोळ्यांच्या पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून देत होता, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही सकाळची कोणती, रात्रीची कोणती ते कळावे. मध्यभागी एक वयस्क डॉक्टर बसले होते. प्रत्येक कागद त्यांच्यापुढे जाई आणि त्यांची सही झाल्यावरच औषध मिळे.

माझा पाय फिजिओथेरपी शिकणाऱ्या एका मुलीने हाती घेतला. नातीच्या वयाची. आधी म्हणाली, "माउली, मी विद्यार्थिनी आहे, डॉक्टर नाही. मी फक्त तपासते." तिच्या हातात नायलॉनचा बारीक दोरा होता. "डोळे मिटा. पायाला दोरा टेकला की 'हो' म्हणा." मी डोळे मिटून बसलो. बराच वेळ गेला. मी म्हणालो, "कर ना सुरू, बाळ."

ती हळूच म्हणाली, "माउली, उजवा पाय झाला."

मी डोळे उघडले, पण बोलायला शब्द नव्हते. "म्हणजे काय?" एवढेच विचारले. तिने सांगितले, मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात. खडा रुतला तरी कळत नाही. "मग मी चालू का?" त्यावर ती म्हणाली, "ते मी सांगायचे नाही. सर सांगतील." आणि उठून त्यांना घेऊन आली. सरांनी पुन्हा सारे तपासले आणि स्पष्ट सांगितले, जखम भरेपर्यंत या पायावर चालायचे नाही. दिंडीच्या गाडीत बसा, रोज पट्टी बदला. सूज किंवा ताप आला तर थेट रुग्णालयात जा.

मला राग आला. ४० वर्षांची पायी वारी एका दोऱ्याने मोडायची? मी रागातच तळावर परतलो आणि रात्रभर झोप लागली नाही. पण रागामुळे नव्हे. एक जुनी गोष्ट डोळ्यांपुढून हलेना. ती मी आजवर कुठे बोललो नाही.

सुमारे २० वर्षांपूर्वी आमच्या दिंडीत एक टाळकरी होते. त्यांनाही मधुमेह होता. पायाला जखम झाली, फडके बांधून ते चालत राहिले. एका मुक्कामी मी कीर्तनात त्यांचेच उदाहरण दिले. देह विसरावा तर असा, म्हणालो. नामाचा गजर झाला. त्यांनी लाजून मान खाली घातली. त्यानंतर त्यांनी डॉक्टरकडे जावे तरी कसे? माझ्या स्तुतीने त्यांची ती वाट बंद केली. वारीनंतर त्यांचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. भेटायला गेलो तेव्हा म्हणाले, "महाराज, मला दुखत नव्हतेच हो." मी तो त्यांचा विनय समजलो. सासवडच्या त्या रात्री कळले, ते अक्षरशः खरे सांगत होते. त्यांच्या पायाची तक्रार होती, पण टाळ वाजत नव्हता. आणि जो वाजत नव्हता, त्याला मी वैराग्य म्हणालो.

सासवडला दोन रात्रींचा मुक्काम असतो. दुसरा दिवस मी त्या शाळेच्या व्हरांड्यात काढला. एका आजींनी फार्मसीच्या मुलाकडे "जोराच्या गोळीचा" हट्ट धरला. त्याने हात जोडले, पण चिठ्ठीबाहेरचे काही दिले नाही. एका बाबांनी छाती जड वाटते म्हणताच केसपेपर लिहिणारा मुलगा पेन टाकून डॉक्टरांकडे धावला. माहीत नाही ते माहीत असल्यासारखे कोणीच बोलले नाही.

आपल्याकडे याला अधिकार म्हणतात. विष्णुबुवा जोगमहाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. तिथला अभ्यासक्रम चार वर्षांचा. विद्यार्थी आधी टाळ घेऊन मागे उभा राहतो, मग कधी तरी कीर्तनाला पुढे. आपला टाळ नीट वाजवणे आणि दुसऱ्याच्या पखवाजावर थाप न मारणे, हे दोन्ही सेवेतच येते. ती मुले हे विशीत शिकली होती. मी मात्र पखवाज येत नसताना त्यावर थाप मारली होती, आणि तीही व्यासपीठावरून.

तिसऱ्या दिवशी जेजुरीला मी दिंडीच्या गाडीतून गेलो. पुढेही तसाच. पंढरपूरपर्यंत जखम बरीच भरली होती. वारी मोडली असे आता वाटत नाही.

वाचक माउलींना एवढीच विनंती. मधुमेह असेल तर रोज रात्री तळवे पाहा. वाकवत नसेल तर आरसा धरा किंवा शेजाऱ्याला सांगा. वहाण घालण्याआधी आत हात फिरवा. फोड फोडू नका, बधिर पाय शेकू नका. एकादशीच्या उपवासात गोळी कशी घ्यायची ते निघण्याआधीच डॉक्टरांना विचारा. वाटेवर अशी शिकणारी मुले दिसली तर रांगेत बसा आणि ती विचारतील त्याचे खरे उत्तर द्या. आणि माझ्या कीर्तनकार बंधूंनो, कोणाच्या जखमेची स्तुती करू नका. आधी विचारा, दुखते का? "नाही" म्हणाला, तर त्याला हाताला धरून घेऊन जा.

राम कृष्ण हरी.