अंकुशनगर : कोयता कोणाच्या नावाने?

मैत्रिणींनो, सकाळच्या चहात दोन चमचे साखर घालताना ती कुठून आली, कोणाच्या हातून आली, असा विचार आपल्या मनात येतो का? खरं सांगायचं तर माझ्या कधीच आला नव्हता. गेल्या हिवाळ्यात अंकुशनगरला जाण्याचा योग आला आणि तेव्हापासून साखरेचा डबा उघडला की एका बाईचा चेहरा समोर येतो. तिने मला एकच प्रश्न विचारला होता. त्याचे उत्तर मला तिथल्या तिथे देता आले नाही, म्हणून हा सारा लेखनप्रपंच.

अंकुशनगर जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यात. छत्रपती संभाजीनगरहून बीडच्या रस्त्याला लागायचे, पाचोड ओलांडायचे आणि शहागडची गोदावरी लागण्याच्या अलीकडे उतरायचे. माझी भाची त्या भागात शिक्षिका आहे. "मावशी, गळीत हंगाम चालू असताना एकदा येऊन बघच," असा तिचा दोन वर्षांचा आग्रह. शेवटी डब्यात तिच्या आवडीचे डिंकाचे लाडू भरले आणि एस.टी.त बसले.

गाव तसे जुने नव्हे. समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवती वसलेली ही वसाहत. कारखान्याला आणि वसाहतीला अंकुशराव टोपे यांचे नाव. 'समर्थ' हे नाव अर्थातच रामदास स्वामींवरून. त्यांचे जन्मगाव जांब याच जिल्ह्यातले. पूर्वी ही सगळी कोरडवाहू ज्वारी-बाजरीची जमीन. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ साली पुरे झाले, डाव्या कालव्याने पाणी पुढे सरकले आणि मागोमाग ऊस आला. हिवाळ्यात या रस्त्याने गेलात तर उसाने लादलेल्या गाड्यांची रांग तुम्हाला दिसण्याआधी तिचा वास येतो. मळीचा तो आंबूस-गोड वास पहिल्या दिवशी नाकाला झोंबतो, दुसऱ्या दिवशी आपण विसरतो. अंगणात वाळत घातलेल्या पांढऱ्या साडीवर मात्र काजळीचे बारीक ठिपके पडतात, ते काही विसरू देत नाहीत! (भाचीने सांगितलेली युक्ती : ओले करण्याआधी नुसते झटकायचे, चोळायचे नाही. चोळले की डाग बसलाच.)

दुसऱ्या दिवशी पहाटे भाची मला ऊसतोड कामगारांच्या तळावर घेऊन गेली. उसाच्या पाचटाच्या कोप्या, बाहेर तीन दगडांच्या चुली, बैलांच्या पुढ्यात वाढ्यांचे भारे. आम्ही पोचलो पाच वाजता, तर चुली विझलेल्या. बायका तीनलाच उठून भाकरी थापून, पाणी भरून, पोरांची तोंडे धुऊन मोकळ्या झाल्या होत्या. फडात गेलो. नवरा ऊस तोडतो, बायको तोडते, सोलते, वाढे छाटते, मोळी बांधते आणि ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीवर चढते. फळी अरुंद, खाली धसकटे. बघणाऱ्याचा श्वास अडकावा.

इथे मला एक शब्द कळला, तो तुम्हालाही सांगते. 'कोयता'. आपल्याला कोयता म्हणजे नारळ फोडायचे हत्यार. इथे कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम म्हणतो, "माझ्याकडं वीस कोयते हायेत," म्हणजे चाळीस माणसे. एकट्या माणसाला म्हणतात 'अर्धा कोयता'. हंगामापूर्वी उचल मिळते ती कोयत्याला, नोंद होते ती कोयत्याची, टनावर मजुरी ठरते ती कोयत्याची. २०२४च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. तीही टनावर, म्हणजे कोयत्याला. राज्यभर रीत हीच. उचलीचा व्यवहार ठरतो पुरुषाशी. त्यामुळे बाईने किती मोळ्या वाहिल्या, तिची मजुरी किती, हे हिशेबात वेगळे कुठेच दिसत नाही. दिसते ते फक्त ती आली नाही तेव्हा. एकाने खाडा केला की दंड दोघांच्या हिशेबातून.

या खाड्याच्या भीतीचे मोल बायकांनी शरीराने मोजले आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला तेव्हा २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. आकडा पुन्हा वाचा, मैत्रिणींनो. सहा बायकांत एक.

तर अशाच एका बाईशेजारी मी बांधावर बसले. वय असेल पस्तीस. नाव सांगितले, पण "छापू नका बाई" म्हणाली, म्हणून देत नाही. मी आपली विचारायला लागले, "पैसे तुझ्या हातात येतात का? बँकेत खाते कोणाच्या नावाने? गावाकडे जमीन आहे का, ती कोणाच्या नावाने?" तिने सगळ्याला एकच उत्तर दिले, "मालकाच्या." मी म्हटले, "अगं, असं कसं? तुझं नाव नको का कुठं?" तिने पाण्याची बाटली तोंडाला लावली, घोट घेतला आणि शांतपणे विचारले,

"बाई, तुमचं घर कुनाच्या नावावर हाय?"

आता काय सांगू? एकवीस वर्षांपूर्वी घेतलेले घर. माझ्या पगारातून हप्ते गेले, माझे दोन तोळ्यांचे गोठ गेले, आणि कागद आहेत 'ह्यांच्या' नावावर. सही करायला मला बोलावलेसुद्धा नव्हते. भाची गालात हसत होती. मी उसाच्या फडाकडे बघत बसले.

त्या रात्री झोप आली नाही. मनात आले, जगभर बायकांच्या हक्काची जी भांडणे झाली ती शेवटी या एका गोष्टीपाशीच येतात, की कागदावर तिचे नाव आहे की नाही.

आपलेच पाहा. न्यूझीलंडने १८९३ साली बायकांना मत दिले. स्वित्झर्लंडसारख्या श्रीमंत देशात देशाच्या निवडणुकीत मत द्यायला १९७१ उजाडावे लागले. आपल्याला राज्यघटनेने पहिल्यापासून दिले. पण १९५१-५२च्या पहिल्या निवडणुकीची यादी करायला माणसे दारोदार गेली तेव्हा अनेक बायकांनी स्वतःचे नावच सांगितले नाही. 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' एवढेच. सुमारे आठ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख जणींची नावे त्यापायी यादीतून गळली. बहुतेक उत्तरेकडच्या. हक्क होता, नाव नव्हते, म्हणून हक्क गेला.

उलट आइसलंड बघा. एवढेसे बेट, आपल्या एखाद्या तालुक्याइतकी माणसे. तिथे लग्न झाले म्हणून बाईचे नाव बदलत नाही. ती जन्मभर अमक्याची मुलगी, हवे तर अमकीची मुलगी. २४ ऑक्टोबर १९७५ रोजी तिथल्या सुमारे ९० टक्के बायकांनी एक दिवस काम बंद केले, कचेरीतले आणि घरातलेसुद्धा. शाळा, दुकाने, टेलिफोन सगळे ठप्प. पुरुष पोरांना घेऊन कचेरीत गेले आणि दुकानांतले झटपट शिजणारे सॉसेज संपून गेले! बायकांचे काम किती, हे त्या एका दिवसात मोजले गेले. पाचच वर्षांनी, १९८०मध्ये, त्या देशाने विग्दीस फिनबोगादोत्तिर यांना राष्ट्राध्यक्ष निवडले. आपल्या फडातल्या बाईने असा एक दिवस पाळला तर? तर तिच्या नावावर दंड पडेल. फरक हा आहे.

तुम्ही म्हणाल, ती श्रीमंत गोऱ्या देशांची गोष्ट. मग आफ्रिकेतला रवांडा घ्या. १९९४च्या भीषण नरसंहारानंतर तिथे विधवांचा मोठा जमाव उरला आणि जमिनी पुरुषांच्या नावे. १९९९मध्ये मुलींना वारसाहक्क देणारा कायदा झाला. २००३च्या घटनेने निर्णयाच्या जागांवर किमान ३० टक्के स्त्रिया आणल्या. पुढे गावोगाव जमिनींची नोंदणी झाली, तिच्यात लग्नाच्या बायकोचे नाव नवऱ्याच्या बरोबरीने लागले. २०१३च्या निवडणुकीनंतर तिथल्या लोकसभेत ६४ टक्के स्त्रिया होत्या. आपल्या २०२४च्या लोकसभेत ५४३ पैकी निवडून आल्या ७४. २०२३ साली एक तृतीयांश राखीव जागांची घटनादुरुस्ती झाली खरी, पण जनगणना आणि मतदारसंघांची फेरआखणी यांच्याशी ती बांधलेली, त्यामुळे २०२४ची निवडणूक तिच्याविनाच पार पडली.

पण आपल्या महाराष्ट्राला नावे ठेवायची नाहीत हं! १९९४च्याच जूनमध्ये आपल्या राज्याने महिला धोरण जाहीर केले, देशात पहिले. त्याच महिन्यात मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच वाटा देणारा कायदा लागू झाला. दिल्लीला त्यासाठी २००५ लागले. पंचायतींत १९९० साली ३० टक्के आणि २०११मध्ये निम्म्या जागा स्त्रियांना मिळाल्या. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाच्या सरकारी कागदावर त्याच्या नावानंतर आधी आईचे नाव येते, मग वडिलांचे. रेशनकार्डावर तर २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने घरातली मोठी बाईच कुटुंबप्रमुख. म्हणजे गंमत बघा, दाणे मिळण्याचे कार्ड बाईच्या नावाने आणि दाणे पिकवणारी जमीन पुरुषाच्या!

आणि इथेच अंकुशनगरची साखर पुन्हा आठवते. नॉर्वेने २००३ साली कायदा करून मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळावर किमान ४० टक्के स्त्रिया आणायला लावल्या. आपल्याकडेही सहकारी संस्थांच्या मंडळावर स्त्रियांसाठी दोन जागा राखीव असतात. पण मुळात साखर कारखान्याचा ऊस-उत्पादक सभासद कोण होतो? ज्याच्या नावे जमीन, त्याच्या नावे उसाची नोंद. ज्याच्या नावे ऊस, त्याच्या नावे शेअर. ज्याचा शेअर, त्याचे मत. साखळीची पहिलीच कडी, सातबारा, बाईच्या हाती नाही. मग पुढच्या कड्या कशा येणार? भाची म्हणाली, "मावशी, राखीव खुर्ची ही वरून खाली टाकलेली दोरी. खालून चढायची शिडी म्हणजे सातबारा." शिकवणारी पोरगी, बरोबर बोलली.

ही शिडी कोणी दाखवलीच नाही असेही नाही. १९८६च्या नोव्हेंबरमध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी संघटनेने बायकांचे प्रचंड अधिवेशन भरवले. पुढे शरद जोशींनी 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली : घरच्या लक्ष्मीच्या नावे जमिनीचा तुकडा करा. पुष्कळ शेतकऱ्यांनी खरोखर केला. १९९२ साली सरकारनेही नवऱ्याने अर्ज केला तर सातबाऱ्यावर बायकोचे नाव लावण्याची सोय केली. कागद आहे, सोय आहे. अर्ज मात्र नवऱ्याने करायचा, आणि त्याला तो सुचवायचा आपण!

परत आल्यावर मी ह्यांना चहा दिला आणि विषय काढला. हे म्हणाले, "घर तुझंच तर आहे. नाव लावायची गरज काय?" मी म्हटले, "माझंच आहे ना, मग लावायला अडचण काय?" वर्तमानपत्र खाली आले. भांडण झाले नाही, पण दोन दिवस घरात बोलणे तेवढ्यापुरतेच होते. तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या कचेरीतून ह्यांनीच अर्जाचा नमुना आणून टेबलावर ठेवला. वर एक शब्द नाही. अजून काम पुरे झालेले नाही. मुद्रांक, वकील, खेपा चालू आहेत.

म्हणून या रविवारी, जेवणे झाली की कपाट उघडा. घराचा कागद, गावात असाल तर नमुना आठ, सातबारा, बँकेचे पासबुक, विम्याची पॉलिसी, गॅसचे कार्ड काढून ओळीने मांडा आणि कोणाचे नाव कुठे आहे ते एका वहीत लिहा. नवे घर घेणार असाल तर लक्षात ठेवा : राज्यात २०२१ पासून स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत ठेवली आहे. नवऱ्याला सांगायला हे कारणही चालते. हिशेबाची भाषा त्यांना लवकर कळते!

निघताना मी उरलेले लाडू त्या बाईला दिले. तिने एक पोराला दिला, एक पदरात बांधला. म्हणाली, "घर नावावर झालं की कळवा बरं का बाई." हंगाम संपल्यावर त्या कोप्या मोडल्या, ती आपल्या गावी गेली. पुढच्या हिवाळ्यात ती त्याच तळावर येईल की नाही, कोणास ठाऊक. मी मात्र कागद घेऊन जाणार आहे.