देऊळ गेले, कळस राहिला

अमेरिकेस जाऊन नायगारा न पाहता परतलेला माणूस आमच्या आळीत माझ्यापूर्वी कुणी झालेला नाही. "मग महिनाभर पाहिलंत तरी काय?" असे शेजारच्या काकूंनी विचारले, तेव्हा मी खरे ते सांगून टाकले : "एक कळस पाहिला. देऊळ नव्हतं, नुसताच कळस." काकूंनी आमच्या सौभाग्यवतींकडे अशा काही नजरेने पाहिले, की पुढचे सांगण्याचा मला धीर झाला नाही. ते आता इथे सांगतो.

माझा भाचा जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स या गावी शेतकीचा अभ्यास करतो. अथेन्स म्हणजे सॉक्रेटिसाचे नव्हे. ॲटलांटाहून मोटारीने दीड-दोन तासांवरचे हे विद्यापीठाचे गाव. विद्यापीठाला सनद मिळाली १७८५ साली, म्हणजे आपल्याकडे नाना फडणीस कारभार पाहत होते तेव्हा! दाराशी एक लोखंडी कमान आहे. तिच्याखालून जो नवा विद्यार्थी जाईल तो पदवी न घेताच घरी जाईल, अशी तिथली समजूत. विज्ञानाची मुलेसुद्धा कमानीला वळसा घालून जाताना पाहिली आणि मला एकदम घरी आल्यासारखे वाटले.

नगरपालिकेच्या इमारतीपुढे एक तोफ आहे. दोन नळ्यांची. १८६२ साली, यादवी युद्धाच्या धामधुमीत, गावातल्या एका हिकमती गृहस्थाने ती ओतवून घेतली. दोन गोळे साखळीने जोडायचे, दोन्ही नळ्या एकदम उडवायच्या, आणि मधल्या साखळीने शत्रूची फळी कापून काढायची, असा बेत. चाचणीच्या दिवशी दोन्ही नळ्या काही एका क्षणी उडाल्या नाहीत. साखळी तुटली आणि गोळे भलतीकडेच गेले.

"मामा, दोन गोळे जिथे एकत्र राहिले नाहीत," भाचा म्हणाला, "त्याच गावात चार माणसं सतरा वर्षं राहिली. चल, दाखवतो."

त्याने मला नेले ते ओकोनी रस्त्यावर. राहत्या घरांची वसाहत, आणि तिच्यात एकटाच उभा राहिलेला एका जुन्या चर्चचा विटांचा मनोरा. देवाने हे चर्च केव्हाच सोडले होते. पुढे त्यात भाडेकरू राहत. १९८० साली त्यांत दोघे होते : गाणारा मायकल स्टाइप आणि गिटार वाजवणारा पीटर बक. एक चित्रकलेचा विद्यार्थी, दुसरा तबकड्यांच्या दुकानातला नोकर. त्यांना येऊन मिळाले मेकन गावचे दोन मित्र, माइक मिल्स आणि बिल बेरी. ५ एप्रिल १९८० रोजी एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला या चौघांनी त्या चर्चमध्ये पहिल्यांदा वाजवले. अजून नावही ठरले नव्हते. पुढे स्टाइपने शब्दकोश उघडला आणि बोट ठेवले : आर. ई. एम. झोपेत स्वप्न पडताना डोळ्यांची जी भरभर हालचाल होते, तिची ही आद्याक्षरे. शब्दकोशाचा इतका सुंदर उपयोग माझ्या एकाही विद्यार्थ्याने केलेला नाही.

बँड म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे वरात येते. पण भाच्याने मोटारीत त्यांची १९८३ सालची पहिली मोठी तबकडी लावली. नाव 'मर्मर', म्हणजे पुटपुट. आणि खरोखरच गायकाचा एक शब्द कळेल तर शपथ! तरीही त्या वर्षी 'रोलिंग स्टोन' साप्ताहिकाच्या— चुकलो, पाक्षिकाच्या— समीक्षकांनी मायकल जॅक्सनची 'थ्रिलर' बाजूला ठेवून हिलाच वर्षातली सर्वोत्तम ठरवले. एका जुन्या गाडीत बसून ही मंडळी गावोगावच्या लहानसहान जागी वाजवीत हिंडली. कॉलेजांच्या आकाशवाणी केंद्रांनी त्यांना उचलून धरले. मोठ्या शहरात बिऱ्हाड न हलवता, आपल्याच गावात राहून, आपल्याला आवडेल तेच वाजवून मोठे होता येते, हे त्यांनी दाखवले. पुढे 'निर्वाणा'सारख्यांनी त्यांना गुरुस्थानी मानले.

१९९१ साली त्यांचे 'लूझिंग माय रिलिजन' जगभर गाजले. मला वाटले, धर्म बुडाल्याची हाकाटी असावी. पण अमेरिकेच्या दक्षिणेत हा वाक्प्रचार आहे. 'आता माझी सहनशक्ती संपली' असा त्याचा अर्थ. त्या गाण्याचे चित्रण केले ते पंजाबात जन्मलेल्या तरसेम सिंगने. पुढल्याच वर्षीच्या तबकडीला त्यांनी नाव दिले ते अथेन्समधल्या एका खाणावळीचे ब्रीदवाक्य, मालकाला रीतसर विचारून.

"पण मामा, खरी गंमत पुढेच आहे," भाचा म्हणाला. "चाल कुणाचीही असो, शब्द कुणाचेही असोत, गाण्याखाली नावं चौघांची. पैशांची वाटणीही सारखी. आणि चौघांपैकी एक जरी नको म्हणाला, तरी ती गोष्ट व्हायची नाही."

मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

कॉलेजात आम्हीही चौघे होतो. स्पर्धेसाठी आम्ही एक एकांकिका लिहिली. बक्षीस मिळाले. ती छापायची वेळ आली तेव्हा लेखक म्हणून नाव कुणाचे, हा प्रश्न निघाला. कल्पना माझी होती. संवाद बहुतेक दुसऱ्याचे होते. शेवट तिसऱ्याला सुचला होता, आणि चौथा नसता तर आम्ही टेबलापाशी बसलोच नसतो. हस्तलिखित छापखान्यात पोचवण्याचे काम माझ्याकडे होते. मी त्यावर एकच नाव लिहिले. माझे. पंचवीस वर्षे झाली. आजही वर्गात नाटक शिकवताना 'संवादलेखन' हा शब्द आला, की मी खडू शोधू लागतो.

भाचा बोलतच होता. १९९५ साली स्वित्झर्लंडमध्ये भर मंचावर बिल बेरीच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. तो वाचला, पुन्हा वाजवूही लागला; पण १९९७ साली त्याने निरोप घेतला. तुम्ही तिघे मोडणार असाल तर मी जात नाही, असे सांगून. मग तो अथेन्सजवळच्या शेतावर गवत पिकवू लागला. उरलेल्या तिघांनी आणखी पाच तबकड्या काढल्या, आणि २१ सप्टेंबर २०११ रोजी, भांडण नाही, तंटा नाही, पुरे झाले म्हणून थांबले. मध्ये गळलेला गडी कुणी गाळला नाही : २०२४ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या एका सन्मानसमारंभात चौघांनी मिळून एकच गाणे वाजवले.

मनोऱ्याखाली मी पुन्हा उभा राहिलो. चर्च १९९० साली पाडले. सगळे जपता येत नाही हे खरे. पण काय ठेवायचे ते पाडणाऱ्यालाही ठरवता येते.

परत निघण्यापूर्वी गावातले एक चित्रकार्ड घेतले. त्यावर आमच्या एकांकिकेचे नाव लिहिले, आणि खाली 'लेखक :' म्हणून चार नावे. माझे शेवटी. संवाद लिहिणाऱ्या मित्राचा पत्ता मिळवायला चार दिवस लागले. पेटीत टाकायला धीर गोळा करण्यात आणखी दोन.

पुण्यास आल्यावर पंधरा दिवसांनी उत्तर आले. अक्षर तेच, तिरके.

"संवाद बहुतेक नव्हे, सगळे माझे होते. बाकीच्या दोघांना कळवले आहे. पाडव्याला फराळाला ये. वहिनींना आण. भाषण करू नकोस."

काकूंना सांगा, नायगारा पुढच्या खेपेला पाहीन.