कुंडीत नुसती माती

सोसायटीच्या मोकळ्या जागेत या पावसाळ्यात झाडं लावायची ठरली आणि लगेच दोन गट पडले. एकाला बारमाही हिरवी, भराभर वाढणारी झाडं हवी होती. दुसऱ्याला आपल्या डोंगरांवरची. वाद मिटेना, तेव्हा एप्रिलअखेरच्या एका सकाळी आम्ही चार-पाच जण बेगमपुऱ्यावरून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात गेलो. तिथल्या वनस्पतिशास्त्र विभागाची बाग बघायची होती. संशोधन करणारी एक विद्यार्थिनी आणि बागेतले माळीमामा सोबत होते.

देशी झाडं बघायला एप्रिल हा सर्वांत गैरसोयीचा महिना. बहावा तेवढा पिवळ्या घोसांनी लगडलेला. सालई, मोई, पांगारा सगळे उघडेबोडके. ‘‘ही तर वाळली की हो,’’ आमचे चेअरमन म्हणाले. मामा काही बोलले नाहीत. सालईच्या खोडाचा कागदासारखा सुटलेला पापुद्रा त्यांनी बाजूला केला आणि नखानं हलकंच खरवडलं. आत ओली, हिरवीगार साल. बोटाला राळेचा वास. ‘‘जितं हाय साहेब. पाऊस पडू द्या.’’

इथला पाऊस वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बहुतेक चार महिन्यांत. खाली बसाल्टचा कातळ, वर वीतभर मुरूम. अशा जागी उन्हाळाभर पानं सांभाळायची तर पाणी आणायचं कुठून? म्हणून झाड पानंच टाकतं. पळस आणि काटेसावर तर निष्पर्ण असतानाच फुलतात. पक्ष्यांना ती फुलं लांबूनच दिसतात.

पुढं कुंड्यांची रांग होती. पाटीवर नाव कळलावी, कुंडीत नुसती माती. शेजारी सफेद मुसळी, तिथंही माती. खर्चुडीची तीच गत. कंद खाली आहेत, पहिल्या पावसात कोंब वर येतील, असं विद्यार्थिनीनं सांगितलं. आमच्यातल्या एकीनं बाटलीतलं उरलेलं पाणी कुंडीत ओतायला हात पुढं केला, तर मामांनी तो वरच्यावर धरला. ‘‘नका ताई, कुजंल.’’ कुठल्या कुंडीला कधी पाणी घालायचं नाही, हे त्यांना तोंडपाठ होतं. नव्या माणसाला हेच शिकवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, असं ते म्हणाले.

रोपांच्या पिशव्यांपाशी अंजनाची गोष्ट निघाली. अंजन आधी सोटमूळ खोल सोडतो, वरचा शेंडा मात्र रेंगाळतो. रोप पिशवीत फार दिवस राहिलं तर मूळ तळाशी वेटोळं घालतं आणि मग जमिनीत लावूनही सावरत नाही. गिऱ्हाईक तर उंच रोप मागतं! कातळाच्या फटीत उभा राहणारा हा वृक्ष शहरात क्वचित दिसतो, त्याचं एक कारण हे असावं.

चेअरमन हटणारे नव्हते. ‘‘मग दौलताबादचं सीताफळ देशी की परदेशी?’’ विद्यार्थिनी हसली. सीताफळ मूळचं अमेरिका खंडातलं, चिंच आफ्रिकेतली, गुलमोहर मादागास्करचा, असं तिनं सरळ सांगून टाकलं. सीताफळ उपटा असं कोणीच म्हणत नाही. तेही मुरमात वाढतं, उन्हाळ्यात पानं टाकतं. पण मराठवाड्यात मूळचं काय उगवतं ते बघायचं असेल, तर डॉ. व्ही. एन. नाईक यांनी १९९८ साली दोन खंडांत ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ लिहून ठेवलंय. त्यातली निदान दहा झाडं प्रत्येक वसाहतीत असावीत, एवढंच तिचं म्हणणं.

परतताना रिक्षात पुन्हा वाद रंगला. पानांचा कचरा कोण झाडणार, हा चेअरमनांचा मुद्दा खोटा नव्हता. पण देशी झाडांवर बारा महिने हिरवं राहण्याची सक्ती करायची आणि न जमल्यास कुऱ्हाड चालवायची, हा न्याय मला पटत नाही. शेवटी बहावा, आपटा आणि मेडशिंग यांवर एकमत झालं. अंजनाचं रोप न आणता बी टोचायचं ठरलं. पानांचा खड्डा कुठं खणायचा, त्यावर पुढच्या सभेत भांडू.