वरची दाढ

३ जुलै
बुधवारचा बाजार करून गंगेवरून परतताना गार वारा तोंडात गेला. डावीकडच्या वरच्या दाढेत कळ. पिशवी खाली ठेवून तशीच उभी राहिले.

४ जुलै
रात्रभर ठणका. आडवं झालं की वाढतो. कान, कानशील, थेट डोळ्यामागे. लवंगेचं तेल लावलं. पहाटे जरा डोळा लागला.

५ जुलै
आईला कळलं. पहिलंच वाक्य, "वरची आहे ना? मग हात लावू देऊ नकोस. डोळा जाईल."
निफाडला असताना तिची वरची दाढ काढली होती. वर्षाच्या आत डावा डोळा अंधुक झाला. तो मोतीबिंदू होता, पुढे ऑपरेशनही झालं. पण तिच्या मनात दोन्हींची गाठ बसली ती बसलीच.
शेजारच्या काकू म्हणाल्या, "नस मारतात. त्यापेक्षा बाळंतपण परवडलं." वहिनीचा फोन : रूट कॅनालच्या दातामुळे कॅन्सर होतो, असं व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय.

७ जुलै
मेडिकलमधून गोळ्या आणल्या. चिठ्ठी कोणी मागितली नाही.

१० जुलै
दुखायचं थांबलं. गार पाणी, गरम चहा, काही जाणवत नाही. आईने देवापुढे गूळ ठेवला.

१७ जुलै
आषाढी. खिचडी मी उजवीकडूनच खाल्ली. दात मिटले की ती दाढ उंच झाल्यासारखी लागते. बोलले नाही. आईने नुसतं दूध घेतलं, भूक नाही म्हणाली.

२१ जुलै
डावा गाल डोळ्याखालपर्यंत सुजलाय. पापणी जड. आई तव्यावर मिठाची पुरचुंडी गरम करून शेकायला बसली. हात थरथरत होते तिचे.

२२ जुलै
पंचवटीतलं डेंटल कॉलेज. केस पेपर, रांग, एक्स-रे. मुळाच्या टोकाशी काळसर डाग. तिथलं हाड झिजलंय. तपासणाऱ्या डॉक्टर मुलीने शेक आधी बंद करायला सांगितला.
मी म्हटलं, मधे दहा दिवस दुखत नव्हतं.
"काकू, नस मेली म्हणून थांबलं. जंतू आतच होते."
गोळ्यांचंही तसंच. दाताच्या आतला रक्तपुरवठाच संपला, तर रक्तातून जाणारं औषध तिथे पोचणार कसं? सूज उतरते, घाण राहते.
डोळ्याचं विचारलं. आईसाठी. तिने कागदावर चेहरा काढला. चेहऱ्याची संवेदना नेणारी एक मोठी नस, तिला तीन फांद्या. एक कपाळाकडे आणि डोळ्याच्या भागाकडे, एक वरच्या जबड्याला, एक खालच्या. म्हणून दाढेची कळ डोळ्यामागे जाते. नजरेची नस वेगळी, दाढेशी तिचं नातं नाही. डोळ्याला भीती दाढ काढण्याची नाही, असा पू तुंबवून ठेवण्याची आहे.
दाढ उघडून पूला वाट करून दिली. सूज उतरली की पुढचं काम.
कागद आईला दिला. चष्मा लावून बराच वेळ बघत बसली.

२७ जुलै
इंजेक्शनची टोचणी, मग ओठ जड. दाढेभोवती रबराचा पातळ पडदा. औषधाला ब्लीचिंग पावडरसारखा वास. केसासारख्या बारीक सुया. मुळं तीन, आतल्या नळ्या चार. चौथी सापडायला फार वेळ गेला. मुळं कोणी काढत नाही. आतली पोकळी साफ करतात.
दुखलं नाही. जबडा तेवढा अवघडला. काकूंना दारातच सांगितलं.

२८ जुलै
आईच्या लहानपणी गावात एक बाई रिंगणीच्या बियांची धुरी तोंडात द्यायची. परातीतल्या पाण्यात किडे पडलेले आईने स्वतः पाहिलेत. मी म्हटलं, ते बियांचे कण असतील. ती गप्प झाली. वाईट वाटलं. दाताला किडा नसतो, जंतूंनी केलेल्या आम्लाने दात पोखरला जातो. पण आपण शब्दच 'कीड' ठेवला, मग माणसं किडा शोधणारच.

३ ऑगस्ट
नळ्या भरल्या. गट्टापर्चाच्या गुलाबी काड्या. झाडाचा चीक. एकेकाळी समुद्राखालच्या तारायंत्राच्या तारांवर हेच वेष्टण असे. ऐकून धीर आला.
कॅन्सरचंही विचारलं. वेस्टन प्राइस नावाचे अमेरिकन दंतवैद्य. १९२०च्या दशकात त्यांनी मांडलं की असे दात शरीरभर रोग पसरवतात. त्यांचे प्रयोग पुढे तपासात टिकले नाहीत. तोवर किती माणसांनी वाचवता येणारे दात उपटून घेतले असतील. शंभर वर्षांनी तेच वहिनीच्या फोनमध्ये.
वहिनीला हे सगळं सांगितलं. बराच वेळ ऐकत होती.

५ ऑगस्ट
धरणातून पाणी सोडलंय. सगळे दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं ते बघायला गेले. मी घरीच. आई मिश्री लावत होती. उजवीकडे बोट गेलं की थांबत होती.

६ ऑगस्ट
आईने विचारलं, "परत कधी जायचंय तुला?"
शनिवारी. कॅपचं माप द्यायला.
"मलाही ने. उजवी वरची. होळीपासून आहे."
तो कागद तिच्या उशाखाली होता.