घरचं बी

राहाता म्हटलं की पाहुण्यांना पेरूच आठवतो. आमच्या एका एकरावर मात्र तुती आहे आणि शेडमध्ये रेशीमकिडे. दर बॅचला अंडीपुंज विकत आणायचे, हे मला सुरुवातीपासून खटकायचं. बाजरीचं बी विकत, टोमॅटोचं विकत. निदान किड्यांचं तरी घरचं असावं!

म्हणून श्रावणातल्या बॅचचे वीसेक टपोरे कोष बाजूला काढले. दहा-बारा दिवसांत पतंग बाहेर आले. जवळून बघितलं तर कीव येते. पंख नुसते फडफडतात, उडता येत नाही. तोंड नावालाच, खाता येत नाही. हजारो वर्षं पाळून माणसानं त्यांची ही गत केली. नर मादीभोवती थरथरत गिरक्या घेतो, तेवढाच त्याचा प्रवास. एका मादीनं कागदावर साडेचारशेच्या आसपास अंडी घातली, पिवळीजर्द. तिसऱ्या दिवशी ती राखाडी पडली आणि तशीच राहिली. या वाणांच्या अंड्यांना फुटायला आधी थंडी लागते. मग स्टीलच्या डब्यातून फ्रीजमध्ये. आई रोज म्हणायची, "किड्यांचा डबा कधी काढतोस रे? दह्याला जागा नाही."

तीन महिन्यांनी बाहेर काढली. विकतच्या अंड्यांतल्या अळ्या एकाच सकाळी निघतात. या चार दिवस निघत राहिल्या. एकाच ट्रेमध्ये एक कात टाकायला मान वर करून बसलेली, दुसरी शेजारी पाला कुरतडतेय. पाला द्यायचा तरी कधी? बऱ्याच दगावल्या. उरल्या त्यांनी चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणायच्या चौकटीवर, कोष केले, तेही नाना आकारांचे: काही अंड्यासारखे गोल, काही मधे बारीक, थेट डमरू. चांगला कोष दोन ग्रॅमच्या आसपास भरतो. यातले बरेच दीडचाही काटा गाठेनात.

कारण साधं होतं. आमचा दुहेरी संकर चार वाणांचा: एका बाजूचे दोन डमरू कोषांचे, दुसऱ्या बाजूचे दोन गोल. म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन संस्थेत जुळवलेला. पहिल्या मिसळीत अळी धट्टीकट्टी आणि सगळी एकसारखी. पुढच्या पिढीत तेच गुण पत्त्यांसारखे पिसले जातात. जपानी संशोधक तोयामा कामेतारोंनी 1906 मध्येच पहिल्या पिढीचा संकर वापरा म्हणून सांगितलं होतं. मला ते कळायला एक बॅच घालवावी लागली.

तरी आमचे वाण एकाच जातीतले. वेगळ्या जातींची फुलपाखरं जुळली तर त्याहून अवघड. संततीत बहुधा माद्याच आधी मरतात किंवा वांझ निघतात, कारण त्यांच्यात लिंग ठरवणारी दोन गुणसूत्रं वेगवेगळी असतात. हा नियम ब्रिटिश शास्त्रज्ञ हाल्डेन यांनी 1922 मध्ये मांडला. पुढे ते भारतातच स्थायिक झाले.

आईनं दोन डमरू देवघरात महादेवापुढे ठेवलेत. मी दीडशे अंडीपुंज सांगून आलोय, विकतचे.