फुरशाची करवत

मुलांनो, झाडाच्या फांदीला शेपटीचा विळखा घालून बसलेला हिरवागार साप तुम्ही चित्रात तरी पाहिला असेल. तो चापडा. अंदमानच्या बेटांवर त्याचे भाऊबंद आहेत, आणि आपल्या महाराष्ट्रात तो सह्याद्रीच्या दाट रानात, आंबोलीकडे सापडतो. त्याच्या डोळ्याच्या आणि नाकपुडीच्या मधे एक खळगा असतो. त्या खळग्याला उंदराच्या अंगाची ऊब कळते! काळोखातसुद्धा शिकार ‘दिसते’च म्हणा ना.

आपल्या बीडकडे असं रान कुठलं? बालाघाटाच्या उघड्या माळावर, दगडांच्या सांदीत राहतो तो त्याचा चुलतभाऊ, फुरसं. याला खळगा नाही, रंग मातीचा, लांबी जेमतेम हातभर. एवढंसं म्हणून फसू नका, बरं का! नाग, मण्यार, घोणस यांच्या पंक्तीला ते बसलेलं आहे.

पण फुरसं आधी बजावतं. त्याच्या अंगावरचे खवले करवतीसारखे दातेरी असतात. वेटोळी एकमेकांवर घासून ते करकर आवाज काढतं. आमच्या शाळेत मुलं रोपांभोवती दगड रचत होती. चौथीतला एक जण दगडाला हात घालता घालता थबकला. “बाई, इथं कोण करवत चालवतंय?” मी सगळ्यांना मागं घेतलं. सर्पमित्रानं येऊन ते नेलं आणि लांब माळावर सोडलं. कान शाबूत ठेवणारं पोर ते!

तुमच्यातले कितीतरी जण दिवाळीच्या सुमारास आईबाबांबरोबर ऊसतोडीला जातात, कोपीत भुईवर झोपतात. तिथं मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचा. रात्री बाहेर जाताना बॅटरी हवीच. आणि पालकहो, साप चावलाच तर ब्लेड नको, करकचून दोरी नको, मांत्रिक तर मुळीच नको. चावलेला हात किंवा पाय हलू न देता थेट सरकारी दवाखाना गाठा. फुरशाच्या विषानं रक्त गोठेनासं होतं. सुरुवातीला नुसती सूज दिसते, हिरड्यांतून रक्त यायला लागतं ते मागाहून. म्हणून ‘बरं वाटतंय’ म्हणत घरी थांबायचं नाही.

दवाखान्यात काय करतात, ठाऊक आहे? थोडं रक्त काचेच्या स्वच्छ नळीत घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवतात. मग नळी तिरकी करतात. रक्त पाण्यासारखं वाहिलं, की प्रतिविष सुरू! ते घोड्यांच्या रक्तापासून बनवतात आणि या चारही सापांवर चालतं. चापड्यासाठी मात्र ते बनवलेलं नाही.